पूर्ण थ्रॉटलवर दहा मिनिटांनी जोर सोडणारे आउटबोर्ड इंजिन : कार्बोरेटर बदलण्याआधी काय तपासावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आंजर्ल्याच्या खाडीत आपल्या फायबरच्या होडीला दोन सिलिंडरचे, ४० एचपीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगलेले इंजिन आहे. पावसाळ्यानंतर होडी पाण्यात उतरवल्यापासून ते सुरू नीट होते, मंद गतीवर छान चालते. पण पूर्ण थ्रॉटलवर आठ-दहा मिनिटे झाली की जोर सोडते आणि थ्रॉटल निम्म्यावर आणला की पुन्हा सावरते. प्लग बदलून झाले आहेत आणि आता मेकॅनिक कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बदलायला सांगत आहेत.

मी मालवणच्या बाजूला याच प्रकारच्या इंजिनांची कामे करतो, आणि माझे स्पष्ट मत आहे की कार्बोरेटरला आत्ताच हात लावू नये. जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात कचरा अडकला असता, तर बहुधा पहिल्या मिनिटापासूनच इंजिनाने पूर्ण जोर दिला नसता. आधी सगळे व्यवस्थित चालून मग जोर जातो, याचा अर्थ कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचण्यात हळूहळू अडथळा तयार होतो आहे, किंवा एखादा भाग तापल्यावर साथ सोडतो आहे. या दोन्ही गोष्टी कार्बोरेटर न खोलता पडताळता येतात.

त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी नक्की करावे : जोर जातो तेव्हा इंजिनाचा आवाज खाली बसतो, की आवाज चढतो आणि होडी मात्र पुढे ओढत नाही? आवाज चढत असेल तर दोष इंजिनात नसून होडी ढकलणाऱ्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) आहे. पंख्याच्या आत रबरी बुश असतो आणि तो सैल झाला की कमी भारावर पकडून ठेवतो व पूर्ण भारावर घसरतो. पंखा काढून मागच्या बाजूला आतल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत एक सरळ रेघ ओरखडावी, पंखा बसवून होडी जोरात चालवून आणावी आणि रेघ पुन्हा पाहावी. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील तर बुश गेला आहे. पंखा निघालेलाच असतो, तेव्हा शाफ्टवर जाळ्याची तंगूस गुंडाळली आहे का तेही बघून घ्यावे, कारण ती मागचे ऑइल सील कापते आणि गिअरच्या तेलात पाणी शिरते.

आपण थ्रॉटल कमी केल्यावर इंजिन सावरते असे लिहिले आहे, म्हणून आवाज खाली बसत असावा असे मी धरतो. तसे असेल तर पहिला संशय पेट्रोलच्या पुरवठ्यावर घ्यावा. ४० एचपीचे टू-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलवर तासाला १५ लिटरांच्या पुढे पेट्रोल पिते, म्हणजे मिनिटाला पाव लिटर. मंद गतीवर त्याला याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके पेट्रोल लागते. त्यामुळे निम्मी बुजलेली गाळणी किंवा आतून सुजलेला पाईप मंद गतीवर काहीही लक्षण दाखवत नाही. येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच तेल आत जाते; पेट्रोल कमी पडले की सिलिंडर जास्त तापतो आणि पेट्रोलमध्ये मिसळून येणारे तेलही कमी पडते. जोर गेलेला असताना थ्रॉटल तसाच ओढून धरला तर पिस्टन जाम होण्याची किंवा त्याला भोक पडण्याची भीती असते. दोष सापडेपर्यंत जोर गेला की लगेच थ्रॉटल खाली आणावा.

सर्वांत उपयोगी चाचणी म्हणजे शेजारच्या होडीची टाकी तिच्या पाईपसकट आणि ताज्या पेट्रोल-तेलाच्या मिश्रणासह मागून घ्यावी, आपल्या इंजिनाला जोडावी आणि तेवढाच वेळ तशाच भाराने होडी चालवावी. जोर टिकला तर दोष आपल्या टाकीत, पाईपमध्ये किंवा पेट्रोलमध्ये आहे. पुन्हा गेला तर तो इंजिनाच्या बाजूला आहे. अर्धे काम येथेच संपते. ही फेरी खाडीच्या आत, दुसरी होडी सोबत ठेवूनच करावी. ओहोटीच्या वेळी मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटत असताना इंजिन बसले, तर होडी आडवी व्हायला वेळ लागत नाही.

मागितलेली टाकी मिळाली नाही, तर पेट्रोलच्या पाईपमधला, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा बरेच काही सांगतो. एकाने सुकाणू धरावे आणि दुसऱ्याने फुग्यावर हात ठेवून बसावे. जोर जाताना फुगा चपटा होत असेल, तर अडथळा टाकी आणि फुगा यांच्या मध्ये आहे. फुगा चपटा नाही पण मऊ पडतो, आणि तो दाबत राहिल्यावर इंजिन लगेच उचल घेते, असे असेल तर इंजिनावरचा पेट्रोल पंप थकला आहे किंवा पाईप कुठेतरी हवा ओढतो आहे. फुगा घट्टच राहिला आणि दाबूनही फरक पडला नाही, तर इंजिनावरची छोटी गाळणी साफ करून मग इग्निशनकडे (ठिणगीच्या यंत्रणेकडे) वळावे.

चपट्या फुग्याचे सर्वांत सामान्य कारण टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू हे आहे. तो बंद राहिला किंवा मिठाने बुजला, तर टाकीतून पेट्रोल जाते तशी आत पोकळी तयार होते आणि थोड्या वेळाने पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. आपल्या दहा मिनिटांशी हे अगदी जुळते. जोर जाताच झाकण सैल करावे. सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत गेली आणि इंजिन सावरले, तर दोष सापडला. होडीत बसवलेली पक्की टाकी असेल तर तिची हवेची नळी बाहेरच्या तोंडाशी तपासावी. पावसाळाभर शेडमध्ये उभ्या असलेल्या होडीच्या या नळीत कुंभारीण माशी हमखास मातीचे घर करते. बाहेरून पाहिले तर नळी साफ दिसते, पण तारेने टोचले की आतून वाळक्या मातीची भुकटी आणि कोळ्यांचे अवशेष निघतात. त्यानंतर टाकीतली खेचनळी बाहेर काढून तिच्या टोकाची जाळी पाहावी. फायबरचा पापुद्रा किंवा सीलच्या प्लास्टिकचा तुकडा ओढीने तिला चिकटतो आणि इंजिन बंद केले की सुटून तळाला जातो, म्हणून धक्क्यावर येऊन पाहणाऱ्याला सारे ठीक वाटते.

पाईपकडेही बारकाईने पाहावे. सध्याच्या पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराचे आतले अस्तर सोलून काढते. असा पाईप बाहेरून धडधाकट दिसतो, पण जोराची ओढ बसली की आतला पापुद्रा झडपेसारखा मिटतो. पाईप बदलायचा झाला तर आउटबोर्डचाच, आतून ८ मिलिमीटरचा घ्यावा. स्कूटरचा बारीक पाईप एवढ्या इंजिनाला पुरत नाही. दोन्ही टोकांच्या कनेक्टरमधल्या ओ-रिंग त्याच वेळी बदलाव्यात, कारण हवा बहुधा तिथूनच शिरते.

टाकीत जूनपूर्वीचे पेट्रोल शिल्लक असेल तर ते मुळीच वापरू नये. इथेनॉल दमट हवेतले पाणी शोषते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी दोन-तीन महिने तीच हवा आत घेत असते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर होतो, आणि तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहते. खेचनळी तळाशीच असते, त्यामुळे इंजिनाला बिनतेलाचे पाणीदार मिश्रण मिळते. टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन ती तासभर स्थिर ठेवावी. मधोमध आडवी रेषा दिसली तर टाकी पूर्ण रिकामी करून आतून सुकवावी.

पुरवठा निर्दोष ठरला, तर पेट्रोल पंपाचा पडदा बदलावा. हा पंप इंजिनाच्या क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो आणि पडदा कडक झाला किंवा ताणला गेला की मंद गतीला पुरतो, पूर्ण थ्रॉटलला पुरत नाही. त्याचे किट कार्बोरेटरच्या तुलनेत फारच स्वस्त असते.

तापल्यावर जोर जातो का, हे पाहण्याची रीत वेगळी आहे. जोर गेल्याबरोबर इंजिन बंद करावे आणि दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवावेत. एक तपकिरी, कोरडा आणि दुसरा तेलाने ओला, काळा असेल, तर ओल्या प्लगच्या सिलिंडरची ठिणगी गरम झाल्यावर जाते आहे. प्लग नवे असल्यामुळे संशय प्लगला वीज देणाऱ्या कॉइलवर किंवा प्लगच्या टोपीवर जातो. दोन्ही कॉइल सारख्या असतील तर त्यांची अदलाबदल करून बघावी. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला की खात्री पटते. इंजिन थंड ठेवून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार मात्र रोज पाहावी. खाडीतली वाळू हे पाणी खेचणाऱ्या रबरी चाकाच्या, म्हणजे इम्पेलरच्या, पात्या झिजवते, म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला तो बदलावा असे मी सर्वांना सांगतो. काही इंजिने जास्त तापली की आपणहून गती खाली आणतात, आणि मग पेट्रोलचा दोष शोधत बसण्यात दिवस जातो.

एवढे करूनही जोर परत आला नाही, तर मेकॅनिककडून दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्यावे. दोघांच्या आकड्यांत १५ टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर काम रिंगा-पिस्टनचे आहे. आकडे सारखे आणि पुरेसे असतील, तरच कार्बोरेटर खोलायला सांगावा, आणि तेव्हाही आधी तो साफ करून, फ्लोटची (आतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची तपासून बघायला सांगावी.