परवानगी येत नाही म्हणून गावात जाऊ नका

ताई, पोस्ट वाचली अन् माझेच दिवस आठवले. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या एम.ए.सारख्या पदवीच्या) प्रबंधाचा विषय मुलांवरच्या ऑनलाइन लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या बायकांची पार्श्वभूमी, त्यांना तुरुंगात भेटायची परवानगी अडकली, निकालपत्रात पत्ता आहे तर सरळ गावी जाऊन घरच्यांशी बोलू का, असं तुम्ही विचारताय. नका जाऊ. मी गेले होते.

संमतीपत्र, एथिक्स कमिटी वगैरे गाईडनं सांगितलंच असेल, ते सोडते. माझा अर्ज एका कार्यालयात आठ महिने पडून होता. दरवेळी एसटीनं नागपूर गाठायचं, तर आवक-जावकवाले म्हणणार "मॅडम, पुण्याहून यायचं आहे", अन् पुण्याला फोन लावला तर "तिकडूनच आलं नाही". फाइल निघाली त्यांच्याच टेबलाखालच्या गठ्ठ्यात. त्या रागात अन् सबमिशनच्या घाईत मी स्कूटी काढली.

गावात शिरले ते पानठेल्यावर थांबले अन् बाईचं नाव सांगून घर विचारलं. बस एवढंच. सुपारी कातरणारा थांबला. एकजण म्हणे, "ते त पुण्याले कामाले हाय ना? तुमी कोन, पोलीस काय?" घरच्यांनी गावाला तेच सांगून ठेवलेलं. मी पोचायच्या आत बातमी घरी. सासू ओट्यावर तुरी पाखडत होती, तिनं वर न पाहताच "इथं कोनी राह्यत नाही" म्हटलं अन् सूप चालूच ठेवलं. दाराआडून आठवी-नववीतली एक पोरगी पाहत होती. परतताना निम्म्या रस्त्यात डोक्यात आलं, की केसमधली पीडित मुलगी हीच असली तर? मी काय करून आले बाप्पा!

मी वकील नाही, पण पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं, कलम 23 वाचा, पीडित मुलाची ओळख उघड न करण्याचं. ते माध्यमांसाठी आहे म्हणून आपण मोकळे, असं समजू नका. माझी ती केस मी वगळली, त्यात एक सेमिस्टर गेलं, अन् त्या घराचं काय झालं ते विचारायलाही आता तोंड नाही.

त्यापेक्षा निकालपत्रांवरच काम करा. ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या वेबसाइटवर, निघतील ती घ्या, बाकीच्यांसाठी कोर्टात नकलेचा अर्ज. शीर्षकात फक्त 'सिद्धदोष' लिहू नका, 2022 च्या एनसीआरबीच्या (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या) आकड्यांत देशातले चारातले तीन बंदी कच्चेच, म्हणजे खटला न संपलेले, आहेत, बायका तर एकूणच चार टक्क्यांच्या आसपास, त्यात मुलांच्या अश्लील साहित्याच्या कलमांत, म्हणजे आयटी कायद्याच्या 67ब किंवा पोक्सो 14-15 मध्ये, शिक्षा होऊन पक्क्या झालेल्या शोधायला गेलात तर फार थोड्या सापडतील असं मला वाटतं. जप्ती पंचनामा नीट पाहा. मोबाइल कोणाकडून जप्त झाला, अकाउंट कोण चालवायचं? सिम बाईच्या आधारवर अन् फोन नवऱ्याच्या खिशात, हे आपल्याकडे घरोघरी आहे.

बाहेरच्या अभ्यासांत लहानपणचं शोषण अन् सोबतचा पुरुष हे दोन धागे वारंवार येतात, पण ते बहुतेक ब्रिटन-कॅनडा-अमेरिकेतले, नमुनेही लहान, ते आपल्या बायकांवर जसेच्या तसे चिकटवू नका. सगळ्याच काही नवऱ्याच्या दबावाखालच्या बिचाऱ्या नसतात, हे माझं मत, पटत नसेल तर सोडा. कॉर्टोनी या संशोधिका अन् त्यांच्या सहकाऱ्यांचा 2017 चा लेख मात्र वाचाच: लैंगिक गुन्हेगारांत बायकांचं प्रमाण पोलीस-कोर्टाच्या नोंदींत 2.2 टक्के, अन् पीडितांना विचारलं तर 11.6. म्हणजे निकालपत्रात दिसते ती बाई मुळात गाळून आलेली.

अन् हो, अर्ज द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का अन् नंबर घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका, साहेब जेवायला गेले असले तरी बसून राहा.