सुरूपासून सुरुवात करा

सूचिपर्णी, म्हणजे पाइन-देवदारासारखी फुलांऐवजी शंकू धरणारी झाडं, ओळखायला शिकताय ना, मग आधी सुरूचं झाड गाठा. ठाण्या-नवी मुंबईत नवखे हमखास तिथेच फसतात. त्याची ‘सुई’ दोन बोटांत धरून हलकेच ओढा, सांध्यावर सुटून येईल. ती मुळात हिरवी काडी. खरी पानं म्हणजे सांध्याभोवतीचे बारीक दात. फळ शंकूसारखं दिसलं तरी सुरू सपुष्पच, म्हणजे फुलं येणारं झाड, सूचिपर्णी नव्हे.

सोसायटीच्या कुंपणाची मोरपंखी मात्र खरी सूचिपर्णी, सुया नसूनही. चपटे, उभे पंखे. कोवळा शंकू निळसर, खवल्यांना वाकडी शिंगं. ती भिंगातून बघाच, फार देखणी असतात!

नाताळचं झाड म्हणून नर्सरीत मिळतो तो बहुधा अरोकेरिया. त्याच्या शंकूची वाट बघत बसू नका. जुनं झाड सापडलं तर खोडाला हात लावा, साल पातळ, आडव्या पट्ट्यांनी सुटते.