जखमेवर चाललं ते वांगावर का चालत नाही

तुमचं वय ३४, दोन्ही गालांवर वांग, आणि पार्लरवाली म्हणते की डर्मारोलर (बारीक सुयांचा रोलर) फिरवून वरून ग्रोथ फॅक्टरचं, म्हणजे पेशींना वाढायचा निरोप देणाऱ्या प्रथिनांचं, सीरम लावू, सहा सिटिंग. तुम्ही विचारताय की करावं का, की त्यापेक्षा पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स टोचणं) बरं?

करू नका. पार्लरमध्ये तर मुळीच नाही. हाच प्रश्न २०१८ साली माझ्या थोरल्या नणंदेने मला विचारला होता आणि मी लग्नाच्या गडबडीत "बघा करून" म्हणून मोकळी झाले. ते शब्द अजून सलतात, म्हणून आज लांबलचक लिहिते आहे.

आम्ही इंदूरचे, रामबागेत घर. सासूबाईंना जुनी शुगर. २०१६च्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली. त्यांना दुखलं काहीच नाही, तळव्याची जाणीवच गेली होती. फरशीवर ओले डाग दिसले तेव्हा मला कळलं. दोन महिने जखम तशीच. एका डॉक्टरांनी अंगठा काढावा लागेल असं सांगितलं. दुसऱ्या सर्जननी मेलेलं मांस खरवडून जखम ताजी, लाल केली, इन्सुलिन वाढवलं आणि ईजीएफ नावाच्या ग्रोथ फॅक्टरचं जेल लिहून दिलं. ते मी दवाबाजारातून बर्फाच्या पिशवीत घालून आणायचे. हे प्रथिन आहे, २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या शेजारी त्याची जागा. रोज सकाळी सलाईनने धुवायचं, पातळ थर द्यायचा, ओलसर गॉज, वर पट्टी.

खरी लढाई झाली चपलेची. पायावर भार पडत राहिला तर कुठलंच औषध चालत नाही, म्हणून सर्जननी घरातसुद्धा एमसीआरची (मऊ रबराची) चप्पल घालायला सांगितली होती. सासूबाईंचं सोवळं कडक. चप्पल घालून देवघरात? चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी मी फक्त देवघर-स्वयंपाकघरासाठी वेगळा नवा जोड आणला, त्यांच्यासमोर धुतला आणि म्हटलं, "आई, हे कातडं नाही, रबर आहे." तेव्हा पाय आत गेला.

अकरा आठवड्यांत जखम भरली. अंगठा शाबूत राहिला. आणि देवासहून वन्सं आल्या त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी हळद भरली ना त्या रविवारी, तिचा गुण." ती हळद मी दुसऱ्या दिवशी अर्धा तास धुऊन काढली होती. मी तेव्हा गप्प बसले.

दोन वर्षांनी भाचीचं लग्न ठरलं. वन्संच्या गालांवर जुने वांग. त्याच मला म्हणाल्या, "अगं, तूच म्हणायचीस ना, ग्रोथ फॅक्टरने आईचा पाय भरला? मग माझ्या गालाला का नाही लागू पडणार?"

का नाही, ते सांगते. ईजीएफ शोधला स्टॅन्ली कोहेन यांनी. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचल्यावर त्यांचे डोळे वेळेआधी उघडले, तिथून माग लागला. त्यासाठी त्यांना १९८६चं नोबेल रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांच्याबरोबर मिळालं. हा रेणू ५३ अमिनो आम्लांचा, वजन साधारण ६,००० डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं माप). आपल्या धड कातडीतून सहसा ५०० डाल्टनच्या वरचं फारसं काही आत जात नाही. बाहेरचं आत येऊ नये यासाठीच तर कातडी आहे. सासूबाईंच्या पायाला तिथे कातडीच उरली नव्हती, जेल थेट पेशींना भेटत होतं. गालावर ते दारातच राहतं.

पार्लरवाली म्हणेल, म्हणूनच तर रोलरने भोकं पाडतो. पण बाहेरून चोळायला बनवलेल्या बाटलीत रंग, सुगंध, प्रिझर्व्हेटिव्ह सगळं असतं, आणि ते तुम्ही उघड्या कातडीत घालता. दुसरं म्हणजे ग्रोथ फॅक्टर ही एक वस्तू नव्हे, ते डझनावारी निरोपे आहेत. त्यातले काही, एफजीएफ किंवा स्टेम सेल फॅक्टर, रंग बनवणाऱ्या पेशींनाच वाढायला सांगतात. वांगाचा त्रास त्याच पेशींचा! बाटलीवर नुसतं 'ग्रोथ फॅक्टर' लिहिलं असेल तर कोणता, किती, हे विचारा. आमच्या इथल्या पार्लरवालीला नाव सांगता आलं नव्हतं, आणि बाटली खिडकीत उन्हात उभी होती.

तिसऱ्या सिटिंगनंतर वन्संचे गाल लाल झाले, मग काळवंडले, मूळ वांगापेक्षा गडद. गव्हाळ-सावळ्या कातडीला कुठेही इजा झाली की डाग राहतो, हे सुया फिरवणाऱ्याला पहिल्यांदा माहीत हवं. लग्नाच्या फोटोंत त्या सगळीकडे मागे उभ्या आहेत. त्यानंतर वर्षभर त्वचेच्या डॉक्टरांकडे चकरा, आणि मी सोबत.

पीआरपीचं विचारलंत. त्यात तुमचंच रक्त घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, प्लेटलेट्सचा थर वेगळा करून टोचतात. प्लेटलेट्समधून पीडीजीएफ, व्हीईजीएफ वगैरे ग्रोथ फॅक्टर बाहेर पडतात. केसांसाठी त्याचा उपयोग जास्त होतो. वांगासाठी मी त्यावर पैसे घालणार नाही. आणि करायचंच तर डॉक्टरकडे. वांगासाठी रोजचं सनस्क्रीन, तेही टिंट असलेलं, कारण दिसणारा उजेडही वांग वाढवतो. बाकी क्रीम डॉक्टरांनी लिहून दिलेलीच. मेडिकलवरून मनाने गोरेपणाची ट्यूब आणू नका, त्यात अनेकदा स्टेरॉइड निघतं.

मी सगळंच खोटं म्हणत नाही. बारीक सुरकुत्यांसाठी अशी सीरम काही महिने लावून थोडा फरक दिसल्याचे छोटे अभ्यास आहेत, आणि डॉक्टर लेसरनंतर कातडी लवकर भरावी म्हणूनही ती वापरतात. जखमेलाही जेल एकटं पुरत नाही. शुगर, सफाई आणि चप्पल नसती तर आमचीही भरली नसती. आणि अंगावर संशयास्पद गाठ, तीळ किंवा कॅन्सरचा इतिहास असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण 'वाढ' म्हटलं की चुकीच्या पेशीही ऐकू शकतात. पीडीजीएफच्या जेलला अमेरिकेत १९९७मध्ये मंजुरी मिळाली, २००८मध्ये त्यावर कॅन्सरचा कडक इशारा छापला गेला आणि २०१८मध्ये तो काढला.

वन्सं, तुम्ही हे वाचत असाल तर: आईंची जखम हळदीने भरली नव्हती. आणि तुमच्या गालांचं मला तेव्हाच बसून सांगायला हवं होतं.