गाठ सुटते, बोल्ट तुटतो, गठ्ठा वाकतो: जुन्या बेलरबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: चाऱ्याचे चौकोनी गठ्ठे बांधणारा जुना बेलर घेतलाय, दोन सुतळ्यांचा. उजवीकडची गाठ मस्त बसते, डावीकडची कधी बसते कधी नाही, चार-पाच गठ्ठ्यांमागे एक सुटतोच. मेकॅनिक म्हणतो अख्खा नॉटर, म्हणजे गाठ मारणारा भाग, बदला. बदलू का?

उत्तर: लगेच नको. मधूनमधून गाठ बसतेय म्हणजे नॉटर बाद झालेला नाही, कुठेतरी थोडी झीज किंवा चुकीची सेटिंग आहे एवढंच. आणि सुटलेल्या गठ्ठ्याची सुतळी फेकून देऊ नका, काय बिघडलंय ते तिच्या टोकांवरच दिसतं.

आधी गाठ कशी पडते ते थोडक्यात. सुतळीचं एक टोक मागच्या गठ्ठ्यापासून चकतीत, म्हणजे ट्वाइन डिस्कमध्ये, धरलेलं असतं, दुसरा पदर सुई खालून वर घेऊन येते, मग बिलहूक, म्हणजे चोचीसारखा फिरणारा हूक, एक गिरकी घेतो, जबडा उघडून दोन्ही पदर पकडतो, चाकू सुतळी कापतो आणि वायपर आर्म तो वेढा बिलहूकवरून घासून खाली ढकलतो, झाली गाठ. जॉन ॲपलबी नावाच्या माणसाने १८७० च्या दशकात पेंढ्या बांधणाऱ्या बाइंडरसाठी हे जमवलं, आजचे नॉटर मुळात त्याच जातीचे आहेत.

आता सुटलेली टोकं बघा. एकाच टोकाला गाठ आहे आणि दुसरं मोकळं, तर तो दुसरा पदर बिलहूकपर्यंत पोचलाच नाही, मग सुई वाकलीये का, टकर फिंगर सुतळी नीट सरकवतोय का, चकतीची पकड ढिली आहे का हे बघायचं. टोक पिंजल्यासारखं, चुरगळलेलं दिसतंय तर उलट, चकती फारच आवळलीये आणि सुतळी तिथेच चिरडतेय. दोन्ही टोकं मोकळी पण वळण पडलेलं, तर बिलहूकच्या जिभेची (उघडझाप करणाऱ्या जबड्याची) स्प्रिंग ढिली किंवा तिच्यामागचा छोटा रोलर झिजलाय, हा रोलर बोटाने फिरवून बघा, एका बाजूला सपाट झालेला असेल तर तो एकटा बदलून भागतं. आणि गाठ बिलहूकलाच अडकून सुतळी तिथे तुटत असेल तर जिभेची स्प्रिंग घट्ट, नाहीतर वायपर बिलहूकला टेकतच नाहीये.

जुन्या मशीनमध्ये अजून एक हमखास सापडतं ते म्हणजे गंज. उघड्यावर उभा राहिलेल्या बेलरचा बिलहूक खरखरीत होतो, कधीकधी विकणाऱ्याने त्यावर पण रंग मारलेला असतो, मग वेढा सरकणार कसा? बारीक पॉलिश पेपरने आरशासारखा गुळगुळीत करा. माझ्या मते निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

हे सगळं करण्याआधी डाव्या-उजव्या सुतळीच्या गुंड्यांची अदलाबदल करा. दोष सुतळीबरोबर उजवीकडे गेला तर नॉटरचा काही संबंध नाही, सुतळीच जाडी-बारीक आहे. नाही गेला तर चालणारा उजवा नॉटर समोर आहेच, दोन्हींतला फरक शोधा, त्याच्याइतकं चांगलं मॅन्युअल मिळणार नाही. एका वेळी एकच नट, पाव आटा, आणि मग हाताने ट्रिप करून, म्हणजे गाठीचा फेरा सुरू करून, फ्लायव्हील (बेलरचं जड चाक) चालत्या दिशेने हळू फिरवून बघायचं. ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद बेलरला देणारा दांडा) काढलेला, आणि फ्लायव्हील हलत असताना नॉटरमध्ये बोट घालायचं नाही म्हणजे नाही, कारण इंजिन बंद असलं तरी त्या चाकात भरपूर जोर उरलेला असतो.

प्रश्न: फ्लायव्हीलचा शियर बोल्ट सारखा तुटतोय. जास्त कडक बोल्ट टाकला तर चालेल का?

उत्तर: अजिबात नाही. तो तुटावा म्हणूनच तिथे बसवलाय, कडक टाकलात तर पुढच्या वेळी सुया नाहीतर गिअरबॉक्स जाईल. बोल्ट तुटला की आधी सुया कुठे आहेत ते बघा. चेंबरमध्ये, म्हणजे गठ्ठा दाबला जातो त्या कप्प्यात, अर्धवट वर आलेल्या असतील तर सेफ्टी स्टॉपने आपलं काम केलंय, म्हणजे सुया पूर्ण खाली नसल्या की तो आडवा येऊन प्लंजर (चारा दाबणारा दट्ट्या) अडवतो. अशा वेळी नॉटरचा ब्रेक तपासा, तो ढिला झाला की सुया खाली घरात टिकत नाहीत आणि थोड्या पुढे सरकतात. दुसरी शक्यता टायमिंगची. आधीच्या मालकाने कधी चेन काढून एक दात चुकवून बसवली असेल तर प्लंजर आणि सुया यांचा मेळच बसत नाही. सुई वर येताना प्लंजरच्या खाचेतूनच जायला हवी, नेमकं माप त्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्या, अंदाजाने नको.

सुया खाली घरात आहेत आणि तरी बोल्ट तुटतो? मग प्लंजरचा चाकू बोथट असेल, चाऱ्याचा गोळा अडकत असेल, किंवा बोल्टचं भोकच लांबट झालं असेल. चेंबर भरलेलं असताना फुल थ्रॉटलवर पीटीओ जोडणं पण बंद करा, हळू जोडा आणि मग ५४० आरपीएमला न्या.

प्रश्न: गठ्ठे केळीसारखे वाकडे येतात आणि दुपारी फार ढिले होतात.

उत्तर: वाकडेपणा बहुतेक वेळा चारा एकाच बाजूला जास्त भरल्याने येतो. शेतातली चाऱ्याची ओळ पातळ असली की चारा पिकअपच्याच (चारा उचलणाऱ्या भागाच्या) बाजूला राहतो, दुसऱ्या टोकाला पोचत नाही, अशा वेळी पॅकरचे फिंगर थोडे पुढे सरकवून चारा आतपर्यंत ढकलायचा, आणि ओळ जाड असली तर याच्या उलट. सोबत चाकू बघा, गठ्ठ्याच्या कापलेल्या बाजूला लांब झिपऱ्या लोंबत असतील तर धार गेलीये, नाहीतर दोन चाकूंमधली फट वाढलीये.

दुपारचं मात्र मशीनचं दुखणं नाही. चारा वाळत जातो तसा तो चेंबरमध्ये सहज घसरतो, त्यामुळे सकाळी थोड्या दमटपणात लावलेलं टेन्शन (गठ्ठ्यावरचा दाब) दुपारी कमी पडतं. टेन्शनचे दोन्ही हॅन्डल सारखेच आवळा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करण्याआधी आठवणीने ढिले करा, नाहीतर गठ्ठे दगडासारखे घट्ट येऊन सुतळी तुटायला लागेल. ओलावा २० टक्क्यांच्या वर असेल तर गठ्ठे बांधूच नका, आत गरम होऊन बुरशी धरते.