बाल न्यायात पीएचडी करायला बाहेर जाताना

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. समाजकार्यात एमए झालंय, ऐरोलीला राहतेस, दोन वर्षं एका संस्थेतर्फे भिवंडीच्या निरीक्षणगृहातल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी चालू असताना जिथे ठेवतात तिथल्या, मुलांच्या केसेस बघतेस. आता क्रिमिनॉलॉजीत (गुन्हेगारीशास्त्रात) पीएचडी करायला ब्रिटनला जायचं मनात आहे. जावं का, पैशांचं काय, पुढे विद्यापीठात नोकरी लागते का, आणि तिकडे गेल्यावर इथल्या मुलांवरचं काम सुटेल का, हे तू विचारलंस.

मी नौपाड्यात वाढले, बारा वर्षांपूर्वी स्कॉटलंडला गेले आणि आज तिथे हाच विषय शिकवते. सध्या आईकडे ठाण्यात आहे, तेव्हा निवांत लिहिते.

जा. पण आधी संशोधनाचा प्रश्न पक्का कर, आणि तो इथे असतानाच कर. मी पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा ‘भारतातील बालगुन्हेगारीची कारणे’ असा विषय लिहिला होता. चार ठिकाणांहून नकार आले. तिथल्या प्राध्यापकांना आवडेल असं वाटलेलं सगळं त्या प्रस्तावात होतं. कशेळीचा पूल ओलांडून आठवड्यातून तीनदा मी जे बघायला जात होते, त्याची मात्र एक ओळही नव्हती. दुसऱ्या वेळी मी एकाच गोष्टीवर लिहिलं: मुलाच्या घरची परिस्थिती तपासणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरच्या सामाजिक तपास अहवालांत ‘मुलास वाईट मित्रांची संगत आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा, जवळजवळ त्याच शब्दांत का येतं, आणि अशा मुलांच्या केसेस ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळासमोर त्या वाक्याचं पुढे काय होतं? त्या प्रस्तावावर मला मुलाखतीला बोलावलं.

तुझ्या हाताशी याहून चांगला प्रश्न आहे असं मला वाटतं. २०१५ चा बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ ला लागू झाला. त्याच्या कलम १५ खाली, सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळाला प्राथमिक मूल्यांकन करावं लागतं: मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि ते कृत्य कोणत्या परिस्थितीत झालं. त्यावरून त्याचा खटला प्रौढासारखा चालवण्याचा रस्ता उघडू शकतो. मंडळावर बालमानसशास्त्राची किंवा मनोविकारशास्त्राची जाणकार व्यक्ती नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. मग प्रत्यक्षात ते मूल्यांकन कसं होतं? किती वेळ, कोणत्या भाषेत, मुलाला काय विचारून? तू त्या बाकावर बसलेली असतेस. लंडनमधल्या कुठल्याही संशोधकाला ती जागा मिळणार नाही.

मग बाहेर कशाला जायचं? तिथे ज्या पद्धतीने काम करतात ती शिकायला. स्कॉटलंडचं उदाहरण देते. १९६४ च्या किलब्रँडन समितीने म्हटलं की गुन्हा करणारं मूल आणि हेळसांड झालेलं मूल, दोघांच्या गरजा मुळात सारख्याच असतात. त्यातून १९७१ मध्ये ‘चिल्ड्रन्स हिअरिंग’ सुरू झालं: मुलासमोर तीन प्रशिक्षित स्वयंसेवक नागरिक बसतात आणि त्याच्या हिताचं काय ते ठरवतात. आपल्या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांतली एक तरी स्त्री. ही रचना शेजारी ठेवून बघितली की आपलीच रचना नव्याने दिसायला लागते. स्कॉटलंडमध्ये गुन्ह्याच्या जबाबदारीचं वय आठ होतं. २०१९ च्या कायद्याने ते बारा केलं आणि २०२१ च्या डिसेंबरात ते अमलात आलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये अजूनही दहाच आहे. एकाच देशात इतका फरक असतो, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला दरवेळी अस्वस्थ व्हायला होतं.

दुसरं म्हणजे दीर्घकाळ चालणारे अभ्यास. १९९८ मध्ये एडिंबरोत माध्यमिक शाळेत दाखल झालेल्या सुमारे ४,३०० मुलांचा मागोवा लेस्ली मॅकआरा आणि सुझन मॅकव्ही यांनी घेतला, अगदी ती मोठी होईपर्यंत. त्यांचा एक निष्कर्ष माझ्या मनात घट्ट बसला आहे: न्यायव्यवस्थेत जितकं खोल अडकावं तितकं गुन्ह्यापासून सुटणं मुलाला अवघड जातं, आणि मुलांना औपचारिक कारवाईपासून बाजूला वळवलेलं बरं.

पण हा निष्कर्ष उचलून भिवंडीत लावू नकोस. मी ती चूक केली. फिल्डवर्कला परत आले तेव्हा मुलं एक शब्द सतत वापरायची: मांडवली. चौकीत आईबापांना बोलावून, दोन थपडा मारून, समोरच्याला काही पैसे द्यायला लावून ‘मॅटर’ मिटवायचा. कागदावर काहीच नाही. वरवर बघता मुलगा व्यवस्थेच्या बाहेर राहिला, म्हणजे एडिंबरोच्या भाषेत चांगलंच झालं. प्रत्यक्षात त्याला ना वकील, ना समुपदेशन, ना मंडळाचं संरक्षण. एकाने मला सांगितलं की त्याच्या मांडवलीचे पैसे फेडायला त्याची शाळा सुटली आणि तो लूमवर लागला. या एका शब्दावर माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहिलं. मार्गदर्शक विचारायच्या, ‘मांडवली’ म्हणजे तडजोड का? मी म्हणायचे, तडजोडीत दोन्ही बाजूंना बोलायला मिळतं. हा शब्द मला कोणी शिकवला नव्हता, तो ठाण्याच्या कानांनी ऐकला होता. इथलं काम सुटेल का, या तुझ्या शंकेला माझं उत्तर यातच आहे.

परवानग्यांचं आधीच सांगून ठेवते, कारण यातच माझे सात महिने गेले. विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पुण्याच्या महिला व बाल विकास आयुक्तालयाची परवानगी, दोन्ही लागल्या. शिवाय बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख कुठेही उघड करता येत नाही, म्हणजे परदेशी सर्व्हरवर काय ठेवायचं तेही ठरवावं लागतं. आणि संमतीपत्र. मी ते मराठीत आणि हिंदीत करून नेलं होतं, सोप्या भाषेत, अगदी अभिमानाने. पहिल्याच मुलाने ते पूर्ण वाचलं, पेन हातात घेतलं आणि विचारलं, “ताई, ही जामिनाची सही आहे ना?” मी नाही म्हटल्यावरही तो सही करायला निघाला होता. तिथे कागद घेऊन येणारा प्रत्येक मोठा माणूस सुटकेशी जोडलेला असतो, हे दोन वर्षं तिथे काम करूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी सगळे कागद परत घेतले. पुढे पहिल्या भेटीत फक्त बोलायचं, सही तिसऱ्या भेटीत, आणि ‘नको’ म्हणायची सोय अशी की मुलाने नुसतं खोलीत यायचं नाही. तू हे सुरुवातीपासून कर.

पैशांचं. कर्ज काढून वर्षभराचं मास्टर्स करू नकोस, तुझ्याकडे एमए आहेच. थेट पगारी किंवा शिष्यवृत्तीच्या पीएचडीसाठी प्रयत्न कर. ब्रिटनच्या संशोधन परिषदांच्या जागा २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत, पण एकूण जागांच्या तीस टक्क्यांपर्यंतच. २०२५-२६ साठी किमान निर्वाहभत्ता वर्षाला २०,७८० पौंड होता. त्याशिवाय कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आहे, जे. एन. टाटा एन्डोमेंटचं कर्जरूपी साहाय्य आहे, आणि अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गात बसत असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर बघ. व्हिसाबरोबर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा असतो. चार वर्षांची ही तीन हजार पौंडांहून मोठी रक्कम ऐनवेळी उभी करायची वेळ येऊ नये, म्हणून आधीच सांगते. नेदरलँड्स आणि नॉर्डिक देशांत पीएचडी ही चक्क नोकरी असते, पगार मिळतो. पण तिथल्या मुलांशी बोलायला तिथली भाषा लागते. तुझं फिल्डवर्क ठाणे जिल्ह्यातच असेल तर तो पर्याय खरंच चांगला आहे.

नोकरीबद्दल मी तुला गोड बोलणार नाही. पीएचडीनंतर मी तीन वेगवेगळ्या करारांवर काम केलं, एकही दोन वर्षांच्या वर नव्हता. पाच वर्षांत तीनदा घर बदललं. पीएचडीच्या मध्यावर माझ्या पहिल्या मार्गदर्शकांनी विद्यापीठ सोडलं आणि चार महिने मला वाली नव्हता. म्हणून प्रवेश घेताना दोन मार्गदर्शक माग, आणि दुसऱ्यांशीही पहिल्या महिन्यापासून भेटी ठेव. सध्या ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं माणसं कमी करताहेत, तेव्हा पीएचडीनंतर तीन वर्षं राहायला मिळणाऱ्या व्हिसाच्या भरवशावर आयुष्य आखू नकोस. परत यायचा दरवाजा उघडा ठेव. देवनारचं टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था, तुला जवळ आहे. तिथे क्रिमिनॉलॉजीची जुनी परंपरा आहे, ‘प्रयास’सारखा प्रकल्प १९९० पासून तुरुंगात आणि पोलीस ठाण्यांत काम करतोय. जायच्या आधी तिथल्या लोकांना भेट, नातं जोडून ठेव.

आईबाबांना काय सांगायचं, असंही तू शेवटी लिहिलं आहेस. माझ्या आईला ‘गुन्हेगारांवर पीएचडी’ हे शब्द बिल्डिंगमध्ये सांगायला लाज वाटायची. मी तिला एका सुनावणीच्या दिवशी मंडळाबाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेले. मुलांना भेटायला आलेल्या बायका डबे घेऊन बसल्या होत्या. आई त्यांच्यातल्या एकीशी तासभर बोलत बसली. परतीच्या बसमध्ये माझ्याशी एक शब्द बोलली नाही, पण त्यानंतर शेजारी कोणी विचारलं तर ती म्हणायची, माझी मुलगी मुलांसाठी शिकते.

बहुतेक ठिकाणी अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, म्हणजे तुझ्या हातात थोडेच महिने आहेत. मी या महिन्याच्या २० तारखेपर्यंत ठाण्यात आहे. तोवर तुझ्या प्रश्नावर दोन पानं लिही, मराठीत लिही, इंग्रजीचं नंतर बघू. तलावपाळीला एखाद्या संध्याकाळी भेटू आणि ती पानं सोबत वाचू.