नकाशातला लाल तालुका बघून लगेच घाबरू नका

तालुक्यांच्या कॅन्सर-दरांची तुलना करणारा तुमचा तक्ता पाहिला. मेहनत दिसते, पण कच्चे दर (वय न बघता रुग्ण भागिले लोकसंख्या) शेजारी ठेवून तुलना केलीत तिथेच गाडी घसरली. जिथे म्हातारी माणसं जास्त, तिथे कॅन्सर जास्त दिसणारच. आधी वयानुसार प्रमाणित दर काढा, म्हणजे दोन्हीकडची वयोरचना सारखी असती तर दर किती आला असता ते. त्यासाठी धरलेली ठरावीक वयोरचना म्हणजे प्रमाण लोकसंख्या, ती दोन्हीकडे एकच वापरा. एकीकडे सेगी या संशोधकाची जागतिक प्रमाण लोकसंख्या आणि दुसरीकडे अमेरिकेची २००० सालची घेतली, तर त्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

खरी गोम छोट्या आकड्यांत आहे. २०,००० वस्तीत वर्षाला ४ रुग्ण म्हणजे लाखामागे २०. पण ४ या आकड्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा (योगायोगाची चढउतार धरून खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो) साधारण १ ते १० रुग्ण, म्हणजे लाखामागे ५ ते ५० पर्यंत कुठेही! पुढच्या वर्षी ८ रुग्ण आले की 'दुप्पट झाले' अशी बातमी होते, आणि ती बहुतेकदा नुसती उलथापालथ असते. म्हणून ५ वर्षं एकत्र करा आणि मर्यादा छापल्याशिवाय दर छापू नका. (मीही सुरुवातीला अशा दरांवरून तालुक्यांची क्रमवारी लावायचो. आता नाही लावत.)

कल बघताना तपासण्या वाढल्या का, ते विचारा. दक्षिण कोरियात थायरॉइड कॅन्सरचा दर १९९३ ते २०११ दरम्यान १५ पट झाला, मृत्युदर मात्र जवळपास तिथेच राहिला. अल्ट्रासाउंडने शोधले म्हणून सापडले. २०२० मधली कॅन्सरच्या नोंदींतली घटही तशीच, कोविडमुळे निदानं रखडली होती.

शेवटच्या एक-दोन वर्षांच्या नोंदी उशिरा भरतात, म्हणून शेवटी दिसणारा उतार खरा धरू नका.