सगळे हसून बोलतात, पण घरी कुणी बोलवत नाही : न्यू जर्सीतल्या एपिस्कोपल मंडळीबद्दल

सलाम ताई,

तुमचं म्हणणं असं, की संगमनेरच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतून न्यू जर्सीत पार्सिपनीला येऊन सहा महिने झाले. जवळच्या एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन, चर्चला दर रविवारी जाता. सगळे हसून बोलतात, पण घरी कुणी बोलवत नाही. आणि आता रेक्टरबाईंनी (मंडळीच्या मुख्य पाळक) एकदम विचारलंय की धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या सगळ्या मंडळ्यांच्या, कन्व्हेन्शनला (मोठ्या सभेला) डेलिगेट, म्हणजे मंडळीच्या प्रतिनिधी, म्हणून जाल का. जावं का, झेपेल का, आणि नोव्हेंबरात सासूबाई येतायत, त्यांना हे सगळं कसं दाखवावं?

मी मूळची नगरची. इथे बावीस वर्षं झाली. दोन वेळा वेस्ट्रीवर (मंडळीच्या कारभारी समितीवर) होते आणि कन्व्हेन्शनला चारदा गेले, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

जा. इंग्रजी अडखळत असलं तरी जा. आणि घरच्या आमंत्रणाची वाट बघू नका, ते बहुतेक येणार नाही. तुम्ही आवडत नाही असं त्यात काही नाही. समोरच्याला मोकळं सोडणं हाच इथे आदर, आणि तो इतका मनापासून पाळतात की त्या मोकळ्या जागेत आपण एकटे उभे राहतो. मला हे कळायला चार वर्षं लागली, आणि कळलं तेही वाईट दिवसांत.

माझे वडील नगरला वारले. लगेच जाणं जमलं नाही. अंत्यविधी फोन कानाला लावून ऐकला. पुढच्या रविवारी चर्चला गेले, नेहमीच्या बाकावर बसले, कुणाला काही बोलले नाही. आपल्याकडे बोलावं लागतच नाही ना. गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या भाजीवालीलासुद्धा कळलेलं असतं, संध्याकाळी पाळक दारात उभे असतात आणि कुणीतरी पिठलं-भाकरी घेऊन आलेलं असतं. इथे कॉफी पिताना मला लोकांनी थंडीबद्दल विचारलं. मी इतकी दुखावले की दोन महिने तिकडे फिरकले नाही.

शेवटी पाळकांची चिठ्ठी आली. भेटले तेव्हा सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पण तुम्ही कुणाला सांगितलंच नाहीत.” तेव्हा ते फार कोरडं वाटलं. पण त्याच रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत वडिलांचं नाव मोठ्याने घेतलं गेलं (उच्चाराचा पार भुगा करून), आणि बुधवारपर्यंत माझ्या दारात तीन कॅसरोल आणि एक लिंबाचा केक. ऐंशीच्या पुढच्या एक आजी स्वतः गाडी चालवत आल्या आणि दोन तास बसल्या. वडील काय करायचे, कसे दिसायचे, घरी कोणती भाषा बोलायचे, सगळं विचारत राहिल्या. तोवर त्या आजींचं आणि माझं बोलणं ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे गेलं नव्हतं.

म्हणून सांगते, बोलायचं. आजारपण, बाळंतपण, नोकरी गेली, काहीही असो. प्रार्थनेच्या यादीत नाव घाला. ती यादी म्हणजे या लोकांची भाजीवाली.

दुसरं, हातात काम घ्या. उपासनेनंतर हॉलमध्ये कॉफी असते. तिथे पाहुण्यासारखा कप धरून उभं राहिलात तर लोक पाहुण्यासारखंच वागवतील. भिंतीवर नावं लिहायचा कागद असतो, त्यात एका रविवारपुढे आपलं नाव लिहा. किंवा सरळ सिंकपाशी जाऊन कप विसळायला लागा. माझ्या इथल्या जवळच्या तिन्ही मैत्रिणी त्या सिंकपाशीच मिळाल्या. बाकावर शेजारी बसून एकही नाही.

खायचं नेताना मात्र माझी चूक करू नका. लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) बुधवारी संध्याकाळी सूप आणि पाव असं साधं जेवण असतं, मग बायबलवर चर्चा. मी उत्साहाने भलंमोठं पातेलं भरून साबुदाण्याची खिचडी नेली. उपासाचे दिवस, उपासाचा पदार्थ, माझं गणित बरोबर होतं. कुणी हात लावला नाही. शेवटी एका बाईंनी हळूच विचारलं, यात शेंगदाणे आहेत का? दोन मुलांना जबरदस्त ॲलर्जी होती आणि मी कार्ड लावलं नव्हतं. पदार्थाचं नाव, शेंगदाणे, दूध, गहू, तिखट किती, हे कार्डावर लिहून ताटलीपुढे ठेवा. आता माझे पोहे बिनशेंगदाण्याचे असतात आणि पहिल्या पंधरा मिनिटांत संपतात. बिनशेंगदाण्याचे पोहे म्हणजे पोहेच नव्हेत असं आमच्या ह्यांचं मत आहे, ते जाऊ दे.

लेंट लागायच्या आदल्या मंगळवारी पॅनकेक सपर असतं, ते चुकवू नका. पूर्वी उपवासकाळाआधी घरातली अंडी, दूध, चरबी संपवून टाकत, त्यातली ही चाल. मी घरी सांगितलं, ‘ही यांची गटारी’, आणि सगळ्यांना एका शब्दात कळलं. फक्त श्रावणाऐवजी चाळीस दिवसांचा लेंट. पुरुषमंडळी ॲप्रन बांधून तव्यापाशी उभी असतात. दुसऱ्या दिवशी भस्म बुधवार, गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला.

आता धर्मप्रांताकडे येते. न्यू जर्सी हा मूळच्या नऊ धर्मप्रांतांपैकी एक. १८७४ साली त्याचे दोन झाले. तुमचं पार्सिपनी आणि जर्सी सिटी उत्तरेकडच्या नेवार्क धर्मप्रांतात. एडिसन, प्रिन्स्टनकडची आपली मंडळी न्यू जर्सी धर्मप्रांतात, त्यांचं कॅथेड्रल (बिशपचं मुख्य चर्च) ट्रेंटनला. म्हणजे एडिसनला राहणाऱ्या तुमच्या नणंदेचे बिशप वेगळे आणि तुमचे वेगळे.

आपल्याकडे धर्मप्रांत म्हटलं की आधी बदल्या आणि मालमत्तेचे खटले आठवतात. इथेही भांडणं आहेत, पण ती माइकसमोर, वेळ लावून होतात. त्याचं मूळ जुनं आहे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इथल्या अँग्लिकनांना बिशप मिळेना, कारण इंग्लंडमध्ये अभिषेकाच्या वेळी राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. सॅम्युएल सीबरी शेवटी स्कॉटलंडला गेले आणि १७८४ साली ॲबर्डीनला बिशप झाले. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात पहिलं जनरल कन्व्हेन्शन (सगळ्या धर्मप्रांतांची मिळून सभा) भरलं आणि सामान्य सभासदांना पाळकांच्या बरोबरीने मत मिळालं. अजूनही ते दर तीन वर्षांनी भरतं, प्रत्येक धर्मप्रांतातून जास्तीत जास्त चार पाळक आणि चार सामान्य सभासद. बिशपसुद्धा धर्मप्रांताच्या सभेत निवडला जातो. पाळकांची मतं वेगळी मोजतात, सभासदांची वेगळी, आणि दोन्हीकडे बहुमत लागतं. मग देशभरातले बिशप आणि इतर धर्मप्रांतांच्या स्टँडिंग कमिट्या (पाळक-सभासदांच्या स्थायी समित्या) संमती देतात. तुम्ही डेलिगेट असताना अशी निवडणूक आली तर तुमच्या मताची किंमत कुठल्याही जन्मजात एपिस्कोपलियनएवढीच.

कन्व्हेन्शन दिसायला एखाद्या लग्नाच्या हॉलसारखं असतं. गोल टेबलं, गळ्यात नावाची पट्टी, बाहेर स्टॉल. बिशपचं भाषण, अंदाजपत्रक, कमिट्यांच्या निवडणुका, ठराव. पहिल्या वर्षी मला निम्मं कळलं नाही. ‘कॅनन टू द ऑर्डिनरी’ म्हणजे सामान्य लोकांची कामं बघणारा कुणी कारकून असेल असं मला वाटलं होतं. तो बिशपचा उजवा हात निघाला. चर्चच्या भाषेत ‘ऑर्डिनरी’ म्हणजे खुद्द बिशप.

माझ्या लक्षात राहिली ती दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एक छोटी मंडळी बंद होत होती. रविवारी पंधरा-वीस माणसं उरलेली, छप्पर गळतंय, पूर्ण वेळ पाळक परवडत नाही. ती मंडळी बंद करण्याचा ठराव मांडला गेला. तिथून आलेल्या दोन वृद्ध बाई उठून माइकपाशी गेल्या. एकीने बाप्तिस्म्यांचं जुनं रजिस्टर छातीशी धरलं होतं. विरोधात बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त सांगितलं की पहिल्या पानावर कुणाचं नाव आहे आणि शेवटच्या पानावर कुणाचं, आणि हॉलमधल्या टेबलखुर्च्या ज्या मंडळीला हव्यात त्यांनी न्याव्यात. सगळा हॉल उभा राहिला. मतदानात मी ‘हो’चं बटण दाबलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. त्यांच्या बारा खुर्च्या आज आमच्या हॉलमध्ये आहेत. आपली मंडळी एवढीच, चाळीस-पन्नास डोक्यांची, असं वाटत असेल तर कन्व्हेन्शनला बसून बघा. आजूबाजूच्या बहुतेक टेबलांवर तेवढ्याच लहान मंडळ्या बसलेल्या असतात.

एवढा मोठा दिवस नको असेल तर पवित्र आठवड्यात (ईस्टरच्या आदल्या) कॅथेड्रलला जा. बिशपांसोबत सगळे पाळक आपल्या शपथा पुन्हा घेतात आणि वर्षभराचं तेल आशीर्वादित होतं. कुणालाही जाता येतं, पण सामान्य सभासद फार कमी येतात. का येत नाहीत कोण जाणे. आपल्या रेक्टरबाईंना इतर पाळकांच्या रांगेत, जरा थकलेल्या चेहऱ्याने उभं बघितलं की त्यांच्याशी बोलायची पद्धतच बदलते.

सासूबाईंबद्दल. त्यांना आधीच सांगून ठेवा की इथे बिशपही बाई असू शकतात. बार्बरा हॅरिस १९८९ साली बोस्टनला बिशप झाल्या, साऱ्या अँग्लिकन जगातल्या पहिल्या. नेवार्कला २०१८ साली कार्लाई ह्यूज आल्या, न्यू जर्सीला २०२३ साली सॅली फ्रेंच, दोघीही आपापल्या धर्मप्रांतातल्या पहिल्या स्त्री बिशप. दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं लग्नही इथे चर्चमध्ये लागतं, २०१५ पासून त्याचे विधी मंजूर आहेत. हे मुद्दाम लिहिते, कारण माझ्या आईला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिने कॉफीच्या टेबलावर एका गृहस्थांना “मिसेस कुठे आहेत?” असं विचारलं. त्यांनी हसून नवऱ्याची ओळख करून दिली. आई घरी येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, “पण माणसं चांगली आहेत.” त्यावर आमच्याकडे अजून एकमत नाही, आणि चर्चमध्येही सगळ्यांचं आहे असं समजू नका.

दुसरा धक्का वाइनचा. आपण नगरकडचे, अमेरिकन मराठी मिशनच्या संस्कारातले. दारू म्हणजे पाप हे आपल्याला अमेरिकन मिशनऱ्यांनीच शिकवलं, आणि इथे अमेरिकेत चर्चच्या हॉलमध्ये वाइन आणि चीज! ते मिशनरी काँग्रिगेशनल (बिशप न मानणारे) होते, हे एपिस्कोपल (बिशपवाले). घराणंच वेगळं. दारू असेल तिथे बिनदारूचं पेयही तितक्याच ठळकपणे ठेवलं पाहिजे असं चर्चचंच धोरण आहे, तेव्हा सासूबाईंच्या हातात सफरचंदाचा रस असेल.

त्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचत असतील तर सर्व संतांच्या रविवारी त्यांना नक्की न्या. बऱ्याच मंडळ्यांत त्या दिवशी गेलेल्या माणसांची नावं वाचतात. सासऱ्यांचं नाव आधी लिहून द्या आणि वाचणाऱ्याला उच्चार शिकवा. आदल्या महिन्यात आल्या तर संत फ्रान्सिसच्या सणाला, ४ ऑक्टोबरच्या आसपास, चर्चच्या अंगणात जनावरांना आशीर्वाद देतात. कुत्री, मांजरं, एकदा एक कासव. बैलपोळा बघितलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी कागदपत्रं. डेलिगेट व्हायला तुमचं नाव मंडळीच्या पटावर हवं. सीएनआय अँग्लिकन परिवारातलंच आहे, त्यामुळे तिथे बिशपांच्या हातून दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं असेल तर ते इथे पुन्हा करायचं नसतं. नियमाप्रमाणे वर्षातून निदान तीनदा प्रभुभोजन घेतलेलं असावं, ते तुमचं झालंच आहे. डेलिगेट बहुतेक ठिकाणी मंडळीच्या जानेवारीतल्या वार्षिक सभेत निवडतात, तेव्हा तुमची जागा पूर्ण डेलिगेटची की पर्यायी, हे विचारून घ्या. पहिल्या वर्षी पर्यायी बरं. मुलांमध्ये काम करायचं म्हणालात तर पूर्वतपासणी आणि ‘सेफ चर्च’चं (सुरक्षिततेचं) प्रशिक्षण सगळ्यांनाच करावं लागतं, त्यात अपमान वाटून घेऊ नका.

आणि संगमनेरच्या पाळकांकडून सभासदत्व इकडे बदलण्याचं पत्र आजच मागवा, इंग्रजीत, आणि नाव पासपोर्टप्रमाणे लिहायला सांगा. माझं पत्र यायला तीन महिने लागले आणि त्यात आडनावातलं एक अक्षर गेलं होतं. इथल्या रजिस्टरमध्ये ते तसंच उतरलं. नंतर दुरुस्त करू म्हणत राहिले, आणि बावीस वर्षांनी अजूनही दर वार्षिक सभेत ते अक्षर गाळूनच माझं नाव पुकारतात.